अंमली पदार्थबंदीचं बिल कोणाच्या नावावर फाटतं?

प्रश्न असा आहे: "अंमली पदार्थांवरच्या बंदीमुळे समाजाचं आर्थिक आणि सामाजिक नुकसान होतं, असं हल्ली बरेच जण म्हणतात. ते नुकसान नेमकं कोणतं? आणि बंदी उठवल्यावर नशा वाढणार असेल, तर हे नुकसान सोसणं परवडतंच ना?"

मी मुंबईच्या सत्र न्यायालयात बरीच वर्षं एनडीपीएसचे, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्याचे खटले लढवतो, तेही आरोपींच्या बाजूने. त्यामुळे माझं म्हणणं एका बाजूचं आहे हे धरूनच वाचा. मी अर्थतज्ज्ञ नाही. देशाला बंदी अमुक कोटींना पडते असा आकडा माझ्याकडे नाही. माझ्याकडे फायली आहेत, आणि त्या फायलींमधून एक गोष्ट वारंवार दिसते: खर्च प्रचंड होतो, पण ज्याच्यासाठी कायदा केला त्याच्या खिशातून तो फारसा जात नाही. तो जातो साखळीतल्या सगळ्यात खालच्या पोराच्या घरातून, कोर्टाच्या वेळेतून, आणि ज्याने आयुष्यात कधी विडीही ओढली नाही अशा कॅन्सरच्या रुग्णाच्या अंगातून. शेवटचं वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. त्यावर पुढे येतो.

आधी कायदा थोडक्यात. एनडीपीएस कायदा १९८५ चा. तो संसदेत मांडल्यापासून राष्ट्रपतींची सही होईपर्यंत महिनासुद्धा लागला नाही, आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला. त्याआधी अनेक राज्यांत अफू आणि गांजाची सरकारी परवान्याची दुकानं होती. २००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षा वजनावर ठरते. वजनाचे तीन टप्पे आहेत: अल्प, मधलं आणि व्यापारी. गांजा एक किलोच्या आत असेल तर अल्प, वीस किलोच्या वर गेला तर व्यापारी. हेरॉइनला हेच आकडे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, चरसला १०० ग्रॅम आणि एक किलो, एमडीला, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेला, २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. अल्पला जास्तीत जास्त एक वर्ष, मधल्याला दहा वर्षांपर्यंत, आणि व्यापारी असेल तर कमीत कमी दहा वर्षं, वीसपर्यंत, वर लाख-दोन लाख दंड. व्यापारी मालात जामीन हवा असेल तर कलम ३७ आडवं येतं. आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ कारण आहे, आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. एकही साक्षीदार तपासलेला नसताना निर्दोष असल्याची खात्री पटवायची! वर कलम ३५ आणि ५४ ची गृहीतकं आहेतच: माल तुझ्याकडे सापडला म्हणजे तुला माहीत होतं, नव्हतं हे तू सिद्ध कर.

आता एक फाइल. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

गोवंडीचा बावीस वर्षांचा मुलगा, टेम्पोवर क्लीनर. सोलापूरकडून येताना गाडी अडवली. ताडपत्रीखाली दोन गोण्या गांजा, पंचनाम्यात वजन एकवीस किलो आणि काही ग्रॅम. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघंही आत. माल आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगराळ पट्ट्यातला, महाराष्ट्रात येणारा बराचसा गांजा तिथूनच येतो. ज्याने गोण्या चढवल्या आणि ज्याच्याकडे त्या उतरणार होत्या, ते दोघंही दोषारोपपत्रात "पाहिजे आरोपी" म्हणून आहेत. आजही तिथेच आहेत.

एकवीस किलोत होतं काय, तर देठ, काड्या, पानं, बिया आणि अर्थातच शेंडे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलणारे किंवा फळणारे शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. म्हणूनच भांग या कायद्याच्या बाहेर आहे. पण जागेवर पोलीस गोणी काट्यावर ठेवतात आणि आकडा लिहितात, काड्या वेगळ्या करत कोण बसणार? दीड किलो काड्या आणि पाला बाजूला काढला असता तर माल वीस किलोच्या खाली आला असता, कलम ३७ गळून पडलं असतं, आणि किमान दहा वर्षांची शिक्षाही. या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिलेले आहेत, पण उच्च न्यायालयापर्यंत पोचायला वेळ लागतो. पैसाही लागतो.

व्यापारी मालात दोषारोपपत्राला नव्वद नव्हे, १८० दिवस मिळतात, आणि सरकारी वकिलाने अर्ज दिला तर वर्षापर्यंत. मग कलिन्याच्या प्रयोगशाळेतून सीए रिपोर्ट, म्हणजे मालाच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, यायचा. मग आरोप निश्चित व्हायचे. मग तारखा. आज आरोपी हजर केला नाही, एस्कॉर्ट नाही. आज पंच आला नाही. आज तपास अधिकारी बंदोबस्तात. आज न्यायाधीशांची बदली. ही मी कोणाची तक्रार करत नाही. एनडीपीएसची विशेष न्यायालयं मोजकी आणि फायली ढिगाने, त्यात यापेक्षा वेगळं होणं कठीणच.

या काळात घरात काय झालं? बापाची स्वतःची रिक्षा होती, ती पहिल्या काही महिन्यांत विकली गेली, बाप दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवायला लागला. आई चार घरची धुणीभांडी करायची. तारखेच्या आणि मुलाकातीच्या दिवशी खाडा व्हायचा, त्यामुळे चारातली दोन घरं सुटली. बचत गटाचं कर्ज उचललं आणि ते वकिलाच्या फीमध्ये गेलं, म्हणजे माझ्याकडेच आलं. जेलच्या कॅन्टीनसाठी दर महिन्याला मनीऑर्डर. बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी कारण सांगितलं नाही, विचारायची गरजही कोणाला वाटली नाही. धाकट्याने दहावीनंतर शाळा सोडली आणि तो एका गॅरेजमध्ये लागला. खटला रखडला म्हणून अखेर उच्च न्यायालयातून जामीन झाला, पण पोरगा आणखी काही आठवडे आतच राहिला, कारण कोर्टाला चालेल असा जामीनदार झोपडपट्टीत मिळत नाही. भाड्याचे जामीनदार कोर्टाच्या आवारात फिरत असतात, त्यांच्या नादी लागलात तर दुसरा गुन्हा. शेवटी रोख जामिनावर सुटला. खटला अजून चालू आहे. उद्या निर्दोष सुटला तरी रिक्षा परत येणार नाही, आणि भरपाई मागायला या कायद्यात जागा नाही.

हा अपवाद वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाची दोन प्रकरणं बघा. ठाणा सिंग प्रकरणात, २०१३ साली, कोर्टासमोर आलेला माणूस बारा वर्षांहून जास्त काळ कच्चा कैदी म्हणून आत होता, खटला सुरू होण्याची वाट बघत. मोहम्मद मुस्लिम प्रकरणात २०२३ मध्ये आरोपीला सात वर्षांवर कोठडी झाली होती, अटकेच्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता, प्रकरण गांजाचं. त्याला जामीन देताना कोर्टाने म्हटलं की जामिनाचे नियम इतके कडक ठेवायचे असतील तर खटले वेळेत संपले पाहिजेत, नाहीतर माणसाची रोजीरोटी जाते, कुटुंब विखुरतं. तेव्हापासून आम्ही जामीन अर्जात हा निकाल पहिल्याच पानावर लावतो. देशातल्या तुरुंगांत २०२२ अखेर पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यांतली दर चारांतली तीन कच्चे कैदी. ते सगळे काही एनडीपीएसचे नव्हेत, पण कलम ३७ मुळे एनडीपीएसवाला त्या गर्दीत जास्त मुरतो.

ही झाली मोठ्या वजनाची गोष्ट. पोलिसांचा रोजचा वेळ मात्र याहून कितीतरी किरकोळ गोष्टीत जातो, कलम २७ मध्ये. कलम २७ म्हणजे सेवन. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतल्या २०१७ आणि २०१८ च्या खटल्यांचा 'विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी' या संस्थेने अभ्यास केला होता. दहा हजारांहून जास्त खटले, जवळजवळ सगळेच सेवनाचे, त्यांतले बहुतेक गांजाचे, आणि बहुतेकांनी गुन्हा कबूल केलेला. पकडले गेलेले बरेचसे फुटपाथवरचे आणि वस्तीतले. याचं कारण साधं आहे. सोसायटीच्या अठराव्या मजल्यावर ओढणाऱ्याचा धूर बीट मार्शलला दिसत नाही, पुलाखाली ओढणाऱ्याचा दिसतो.

अशा एका केसमध्ये काय काय होतं ते बघा. दोन शिपाई पोराला पकडतात. दोन पंच शोधतात. पंचनामा लिहितात. सरकारी रुग्णालयात नेऊन रक्त-लघवीचे नमुने घेतात, त्यासाठी रांग. नमुने सील करून प्रयोगशाळेला पाठवतात, जिथे त्या मोठ्या केसचा सीए रिपोर्टही अडकलेला असतोच. मग पोराला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करतात. शेजारचा कोणीतरी कानात सांगतो, "कबूल है बोल, दंड भर, घरी जा." तो कबूल म्हणतो. दंड, किंवा कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा, आणि संध्याकाळी घरी. सगळ्यांचा दिवस गेला आणि एका दमाच्या गांजाचा निकाल लागला.

त्या पोराला वाटतं, स्वस्तात सुटलो. पण त्याच्या नावावर शिक्षा लागली आहे. सिक्युरिटी गार्डची नोकरी, डिलिव्हरीचं ॲप, पासपोर्ट, पोलीस भरती, जिथे जिथे पडताळणी होते तिथे ती वर येते. याच कायद्यात कलम ३९ आहे: सेवनाचा किंवा अल्प मालाचा आरोपी व्यसनी असेल तर कोर्ट त्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. कलम ६४अ आहे: व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर सेवनाच्या किंवा अल्प मालाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. सेवनाच्या गुन्ह्याला प्रोबेशनही मिळू शकतं. ही कलमं माझ्या कामात फार कमी वेळा वापरली गेलेली पाहिली, कारण ती मागायला वकील लागतो, आणि कबुलीच्या रांगेत वकील नसतो. तुमच्या ओळखीत कोणावर अशी वेळ आली तर एवढंच सांगा: त्या दिवशी काही कबूल करू नकोस, विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो, आधी तो माग.

पैसा असला म्हणजे हे टळतं असंही नाही. २०२१ चं क्रूझ जहाजावरच्या छाप्याचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. ज्याच्या नावाने ते गाजलं त्या तरुणाकडे माल सापडलाच नव्हता. तो तीन आठवड्यांवर कोठडीत राहिला, देशातले नामांकित वकील उभे राहिले तेव्हा जामीन झाला, आणि पुढच्या वर्षी तपास यंत्रणेनेच त्याच्यावर आरोप ठेवले नाहीत. त्याच्या जागी गोवंडीचा क्लीनर असता तर काय झालं असतं याचा हिशेब तुम्हीच करा.

वजनाचा आणखी एक प्रकार सांगायलाच हवा. २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भेसळीसकट सगळं वजन धरायचं, आत शुद्ध अंमली पदार्थ किती याला महत्त्व नाही. रस्त्यावर मिळणाऱ्या ब्राऊन शुगरमध्ये हेरॉइन थोडं आणि बाकी भेसळच जास्त असते. म्हणजे जितकी भेसळ जास्त, तितका विकणारा कायद्याच्या नजरेत मोठा. समजा कोणी चिमूटभर चरस घालून दीड किलो ब्राऊनी भाजली, तर मैदा, साखर, लोणी सगळं चरसच, आणि चरसची व्यापारी मर्यादा एक किलो. एलएसडी ज्या कागदात जिरवून विकतात त्या ब्लॉटरचं वजन धरायचं की नाही यावर मुंबईत वर्षानुवर्षं वाद चालला, शेवटी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने धरायचं म्हटलं. या तर्काने चालायचं ठरवलं तर शहाणा धंदेवाला काय करील? कमी वजनात जास्त नशा असलेला माल आणील.

आणि तेच झालेलं आहे. गोणीभर गांजा लपवणं कठीण, त्याला वास येतो, तो जागा खातो. तेवढ्याच पैशांचा एमडी खिशात मावतो. बंदीचा दबाव जितका वाढतो तितका माल आटतो, तीव्र होतो. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, आलं आणि गिरणगावापासून डोंगरीपर्यंत घरं बसली. नंतर मँड्रेक्सच्या गुंगीच्या गोळ्या. २०१० नंतर एमडी, जे फेब्रुवारी २०१५ पर्यंत कायद्याच्या यादीतच नव्हतं. तोवर पोलिसांना ते पकडूनही एनडीपीएस लावता येत नव्हता. यादीत घातल्यावर ते थांबलं का? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कारखान्यापासून दिल्लीपर्यंत धागा पकडला, साडेतीन हजार कोटींवरचा माल जप्त झाल्याचं जाहीर झालं. हे कोटींचे आकडे प्रेस नोटचे असतात, त्यांवर मी फार विसंबत नाही, पण तिथे किलोंचा आकडाच दीड हजाराच्या पुढे होता. एमडीला ना शेत लागतं ना सीमा. एमआयडीसीतला बंद पडत आलेला शेड, एक रसायनशास्त्र शिकलेला माणूस आणि दोन-चार ड्रम पुरतात. दुसरीकडे मालेगावात कुत्ता गोळी चालते, म्हणजे झोपेचं साधं अल्प्राझोलाम. आणि सिग्नलवरची पोरं व्हाइटनर हुंगतात. ते या कायद्यात बसतच नाही. एम्सने २०१९ मध्ये देशभराचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं, त्यात हुंगण्याची नशा ही एकच अशी निघाली जी मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे.

धंद्यातला नफा हे बंदीचंच अपत्य. ओडिशाच्या शेतकऱ्याला किलोमागे जे मिळतं आणि वांद्र्याच्या पुडीत जे वसूल होतं, त्यातलं अंतर म्हणजे धोक्याची किंमत. त्या पैशातून साखळीतल्या ज्याला द्यायचे त्याला दिले जातात, हे मी कोणाकडे बोट दाखवून म्हणत नाही, पण इतका पैसा आणि इतका अधिकार एका ठिकाणी आले की काय होतं हे सांगायला वकील लागत नाही. कायद्यात खोट्या झडतीबद्दल अधिकाऱ्याला शिक्षा आहे, कलम ५८. त्रास देण्यासाठी विनाकारण झडती घेतली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. समोरच्याला दहा ते वीस वर्षं. तराजू बघा.

आता कॅन्सरचं. माझ्या मते बंदीने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे, आणि त्यात ना पोलीस दिसतात ना आरोपी.

कॅन्सर हाडांत गेला की होणाऱ्या वेदनेवर मॉर्फिन हे जुनं, स्वस्त आणि खात्रीचं औषध. ते अफूपासून होतं. वैद्यकीय कामासाठी कायदेशीर अफू पिकवणारा जगातला सगळ्यात मोठा देश म्हणजे भारत. नीमच-मंदसौरकडचे शेतकरी परवान्यावर ती पिकवतात, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती जाते. म्हणजे माल आपला, कारखाना आपला, रुग्ण आपले. आणि १९८५ चा कायदा आल्यापासून १९९७ पर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. रुग्ण कमी झाले म्हणून नव्हे. रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर चार-पाच वेगवेगळे परवाने, वेगवेगळ्या खात्यांचे, प्रत्येकाची मुदत वेगळी. एक हातात पडेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. नोंदवहीत एका गोळीचा फरक निघाला तर फार्मासिस्टवर गुन्हा, तोही याच कायद्याखाली. कोण ठेवील? औषधवाल्यांनी ठेवणं बंद केलं, डॉक्टरांनी लिहिणं बंद केलं, आणि डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन कसं द्यायचं हे न शिकताच बाहेर पडली. केरळात वेदनाशामक उपचारांसाठी झटणारे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४ च्या दुरुस्तीत 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधं' असा वर्ग आला आणि मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशा सहा औषधांना एकच परवाना पुरेसा ठरला. कागदावर. आजही टाटा रुग्णालयातून गावी परतलेल्या रुग्णाच्या घरच्यांना तालुक्याच्या ठिकाणी मॉर्फिनची गोळी मिळवून दाखवायला सांगा. मेडिकलवाला हात जोडतो. भीती कायद्यापेक्षा जास्त दिवस टिकते.

गर्द ओढून मेलेल्या माणसाची पोलीस डायरीत नोंद होते. मॉर्फिन न मिळाल्यामुळे तीन महिने तळमळून गेलेल्या बाईची नोंद कुठेच होत नाही, म्हणून ती बंदीच्या खर्चात कोणी धरत नाही.

व्यसनी माणसाच्या आरोग्याचं थोडक्यात. पकडलं जाण्याच्या भीतीने तो घाईत टोचतो, सुई वाटून घेतो, आणि एचआयव्ही, कावीळ घरी आणतो. जास्त डोस झालेल्या मित्राला रुग्णालयाच्या दारात सोडून बाकीचे पळतात, कारण आत केसपेपरवर पोलीस केस लिहिली जाणार. एम्सच्या त्याच सर्वेक्षणात बेकायदा पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीसांतल्या एकालाच कधीतरी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले होते. उरलेल्या एकोणीस जणांशी सरकारचा पहिला संबंध येतो तो बहुधा पोलिसामार्फत.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. बंदी उठवली तर नशा वाढेल ना?

वाढू शकते, आणि वाढणारच नाही असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. दारू कायदेशीर आहे. राज्याला उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींच्या वर मिळतात, आणि देशात दारूमुळे उपचाराची गरज पडावी अशी माणसं पावणेसहा कोटी आहेत. तंबाखू कायदेशीर आहे आणि ती दरवर्षी देशात दहा लाखांहून जास्त माणसं नेते. "गांजा मोकळा करा, कर येईल, रोजगार येईल" असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, गांजाची जाहिरात उद्या कोण करणार आहे? ज्यांनी वेलचीच्या नावाखाली गुटख्याची केली तेच ना?

पण बंदीचा अनुभवही आपल्याला काही कमी नाही. आपण १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली अजून जगतो, प्यायला परवाना लागतो असं कागदावर आजही आहे. त्या बंदीच्या काळात हातभट्टी आणि आंटीचे चोरट्या दारूचे अड्डे वाढले, आणि वरदराजन मुदलियारसारखे गुन्हेगारी जगतातले लोक त्यातूनच मोठे झाले. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे. तुमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन पुडी मागा, मिळते की नाही बघा. चंद्रपुरात एप्रिल २०१५ मध्ये दारूबंदी झाली, २०२१ मध्ये रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर सरकारने ती उठवली, कारण अवैध दारू आणि त्या धंद्यात ओढली जाणारी बायका-मुलं. इथे मात्र मला थांबावंसं वाटतं. ती बंदी कोणी साहेबांनी लादलेली नव्हती, जिल्ह्यातल्या हजारो बायकांनी मोर्चे काढून ती मागितली होती, कारण घरात मार त्या खात होत्या. गडचिरोलीत दारूविरोधी काम करणारे डॉ. अभय बंग यांनी बंदी उठवण्याला विरोध केला, तो उगीच नव्हे. त्या बायकांना "बंदी महाग पडते" एवढंच उत्तर देऊन चालणार नाही. त्यांनी मागितलं होतं ते घरातलं स्वास्थ्य. सरकारला देता आलं ते फक्त पोलीस खातं.

म्हणून मी "सगळं मोकळं करा"वाला नाही. विक्री गुन्हाच राहू दे, एमडीचे कारखाने तर नक्कीच. पण सेवन आणि स्वतःपुरता अल्प माल फौजदारीतून बाहेर काढावा. जामिनाच्या टप्प्यावर तरी शुद्ध पदार्थाचं वजन बघावं आणि गांजाच्या काड्या वेगळ्या मोजाव्यात. पोर्तुगालने २००१ मध्ये साधारण दहा दिवसांच्या वापराइतका माल बाळगणं फौजदारीतून काढलं, विक्री गुन्हा ठेवली, आणि पकडलेल्याला न्यायाधीशाऐवजी डॉक्टर-समाजसेवकांच्या समितीसमोर नेलं. त्याबरोबर उपचारावर पैसा ओतला, आणि ते बरंच टिकलं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये शिक्षा आधी काढली, उपचाराचे पैसे मात्र उशिरा पोचले. पकडलेल्याला शंभर डॉलरची पावती आणि एक हेल्पलाइनचा नंबर द्यायचे, फोन करणारे फारच थोडे निघाले. लोक वैतागले आणि सप्टेंबर २०२४ पासून तिथे बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. आपल्याकडे सिक्कीमने २००६ च्या स्वतःच्या कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती करून व्यसनी माणसाला रुग्णाच्या बाजूला ढकललं, म्हणजे भारतात हे होऊच शकत नाही असंही नाही.

त्यामुळे कलम २७ रद्द करा अशा निवेदनावर कोणी सही मागितली तर मी करतो. फक्त त्याच कागदावर दुसरी ओळ आहे का ते आधी बघतो: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा, अफू-हेरॉइनच्या व्यसनावर दिल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनचा नियमित साठा, आणि त्याच कपाटात मॉर्फिन. ती ओळ नसेल तर पेनाने लिहितो आणि मग खाली सही करतो.